पंचनाम्याला रकाना नाही

३ जून २०२० ला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत आलं. हवामान खात्याने वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर सांगितला, झोत १२० पर्यंत. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीतली वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. संध्याकाळी या पट्ट्यात शाबूत छप्पर शोधावं लागत होतं.

मग तलाठी आले, ग्रामसेवक आले, कृषी सहायक आले. रस्त्यात आडवी पडलेली झाडं ओलांडत, वीज नाही, फोन नाही, अशात त्यांनी घरोघरी पंचनामे केले. घर पूर्णतः पडलं की अंशतः, भिंत किती, छप्पर किती, माड किती, पोफळी किती. पूर्ण पडलेल्या घराची मदत सरकारने ९५,१०० रुपयांवरून दीड लाखावर नेली. त्या कागदात जे बसलं ते बसलं. जे बसलं नाही त्याचीही नोंद कुठेतरी असावी, म्हणून ही यादी. यातलं थोडं त्या दुपारी गेलं. बरंचसं आधीपासून जात होतं, वादळाने त्याला उरलेली मुदत दिली नाही.

नळे

कुंभार चाकावर मातीचं लांबट नळकांडं काढायचा, ओलं असतानाच त्याला उभी चीर द्यायचा, भट्टीतून निघालं की त्याचे दोन नळे. एक उताणा, एक पालथा अशा रांगा. त्यांना खाच नाही, आकडा नाही, आपल्या वजनावर बसायचे. मांजर धावलं तरी सरकायचे, म्हणून दर वर्षी छप्पर नव्याने लावावं लागे. २०२० पर्यंत ते गोठ्यावर, न्हाणीघरावर, एखाद्या देवळाच्या पडवीवर तेवढे राहिले होते. त्या दुपारी तेही पडले. ते घडवून देणारा कुंभार आमच्याकडे आता नाही. चुरा अंगणातल्या चिखलात टाकला, पायवाट कोरडी राहावी म्हणून.

मंगलोरी कौल

बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबलेलं, खाचांनी एकमेकांत अडकणारं लाल कौल. गलबतांतून ते कोकणच्या बंदरांवर उतरलं, आधी ऐपतदारांच्या घरांवर, शाळा-कचेऱ्यांवर, आणि हळूहळू सगळ्यांच्याच घरांवर चढलं. पुढे मोरबीहूनही कौलं यायला लागली. जुनं कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव आणि स्थापनेचं साल उमटवलेलं दिसतं. वादळानंतर रस्त्याकडेच्या ढिगांत मी ती सालं वाचत गेले. दीडशे वर्षांच्या आसपासचा एक सबंध व्यवहार तिथे विटकरी तुकड्यांत पडला होता.

एक कौल सुमारे अडीच किलोचं. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आतबाहेर लागतात. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साडेतीन टनांहून जास्त माती डोक्यावर. त्या वजनानेच ते बसून राहतं. खालच्या बाजूचं नाक रिपेवर अडकवायचं, खाच शेजारच्या खाचेत बसवायची, एवढंच. खिळा नाही.

वारा छपराला खाली दाबतो असं वाटतं. खरं तर उतारावरून वेगाने जाणारा वारा छप्पर वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला बसते. दार किंवा खिडकी फुटून वारा घरात शिरला तर आतूनही दाब येतो. कौलारू छपराला जागोजाग फटी असतात, त्यांतून तो दाब थोडाफार निसटतो. ज्याला तग धरवत नाही ते कौल उडतं, शेजारचं राहतं. भोकं पडतात, पण सांगाडा धड असेल तर बहुतेक वेळा जागेवर राहतो. पत्रा अख्खा असतो. त्याचे हुक घट्ट असले तर तो टिकतो, नसले तर शिडासारखा वारा धरतो आणि कधी खालचे पाइपही उपटून नेतो. निसर्गमध्ये दोन्ही तऱ्हेची छपरं गेली. वर माड नाहीतर फणस कोसळला तिथे कौल काय आणि पत्रा काय.

फरक होता तो नंतरच्या कामात. तुकड्यांचं छप्पर तुकड्या-तुकड्यांनी दुरुस्त होतं. दोनशे कौलं गेली तर दोनशे आणायची. एखादंच गेलं असेल तर घरातल्या बाईने माळ्यावर उभं राहून आतूनच वरचं कौल सरकवायचं, फुटकं काढायचं, चांगलं बसवायचं. शिडीसुद्धा लागत नाही. माझी आजी भर पावसात, कंदील खाली ठेवून हे काम करायची आणि पाणी थांबलं की खाली उतरून पुन्हा झोपायची.

पण त्या जूनमध्ये दोनशे कौलंही मिळेनात. दुकानात माल नव्हता, करोनाच्या टाळेबंदीत ट्रक मिळत नव्हते, परप्रांतातले सुतार आणि गवंडी आपापल्या गावी गेले होते. पत्रा मिळत होता, चढ्या भावाने का होईना. ज्यांची अर्धी कौलं शाबूत होती त्यांनीही उरलेली उतरवली आणि पत्रा घातला. हे मला अजून लागतं. अर्धं छप्पर त्या वाऱ्याला पुरून उरलं होतं आणि ते आपल्या हातांनी खाली काढावं लागलं.

मात्र लोकांना दोष देता येत नाही. कौल नकोसं व्हायला बरीच वर्षं आधी सुरुवात झाली होती, आणि त्याचं मोठं कारण वानरं. जंगल तुटलं, बागा वाढल्या, टोळ्या गावात आल्या. आंब्यावरून छपरावर, छपरावरून फणसावर. एका उडीत चार कौलं. दिवेआगरच्या बाजूच्या एका काकूंनी मला सरळ सांगितलं, "अगो, कौलं चांगली ते मला कळत नाही का? पण पावसात रोज कोण वर चढणार? मुलगा पनवेलला. हे सत्तर वर्षांचे. पत्रा घातला, आता निदान रात्री झोप लागते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

शाकारणी

शाकारणीची वेळ अक्षय्य तृतीया उलटल्यावर, मृगाच्या आधी. म्हणजे ३ जूनला ज्यांची शाकारणी व्हायची ती झालेली होती. कौलं परतून, रिपा बदलून, आढ्यावरचे कोने नव्याने चुन्या-सिमेंटात बसवून लोक पावसाची वाट बघत होते. अख्ख्या वर्षातली सगळ्यात नीट लावलेली छपरं त्या दुपारी वाऱ्यापुढे होती.

हे काम दोन-तीन दिवसांचं आणि दहा-बारा माणसांचं. उतरवताना आढ्याकडून खाली यायचं, लावताना वळचणीकडून वर जायचं. प्रत्येक कौल हातात येतं. खाचेत साठलेला पाला, माती, शेवाळ काढायचं, काथ्याच्या कुच्याने घासायचं, वाजवून बघायचं. खाली पोरांची साखळी, हातोहात कौलं पुढे. पाय कुठे ठेवायचा हे कोणी पुस्तकातून शिकलेलं नाही: कौलाच्या पोटावर कधीच नाही, जिथे एकावर दुसरं चढतं आणि खाली रीप असते त्या रेघेवर. अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा. चपला खाली. छपरावर चढलेला माणूस चालताना आवाज झाला नाही की समजायचं, जाणता आहे.

त्या दोन-तीन दिवसांत घराची तपासणीही होऊन जायची. कुठली रीप वाळवीने पोखरली, कुठल्या वाशाला भुंग्याने भोकं पाडली, कुठल्या भिंतीच्या माथ्यावर ओल उतरली आहे. वर चढणारा सांगायचा आणि खाली घरधनी ऐकून घ्यायचा. पुढच्या वर्षी कुठलं लाकूड लागणार ते तेव्हाच ठरायचं. पत्र्याला अशी तपासणी नाही. तो दहा-पंधरा वर्षं कोणी बघत नाही, आणि तोवर त्याच्याखाली काय चाललं आहे ते कळत नाही. खाऱ्या हवेत हुकाच्या भोकापाशी गंज धरतो, रबराची चकती कडक होऊन तडकते. वाऱ्याला नेमकी तीच जागा हवी असते.

ज्यांनी पत्रा घातला आहे त्यांच्यासाठी म्हणून इथे एवढं लिहिते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, हुक आणि चकत्या बघून घ्या. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत हुक आतल्यापेक्षा जवळजवळ लावा. पाइप भिंतीत नुसता टेकवलेला आहे की पट्टीने बांधलेला आहे ते बघा. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं, तेव्हा ते आमच्यापासून दूर समुद्रात होतं, तरी पुन्हा पत्रे सुटले. सुटलेला पत्रा हवेत फिरतो तेव्हा त्याची कड माणसाला कापून काढते. आणि जुना सिमेंटचा पत्रा फुटला असेल तर तो झाडूने लोटू नये, पाणी मारून ओला करावा, बारीक धूळ अडवणारा मास्क नीट बसवून तुकडे उचलावेत. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जातात.

धूर

माजघराच्या मागे चूल असे. तिचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाई आणि जाता जाता वाशांवर काजळीचा थर चढवी. किंजळ, ऐन, फणस. ती लाकडं काळी कुळकुळीत आणि कीड न लागलेली राहिली ती त्या धुरामुळे. गॅस आला, घरातल्या बाईचे डोळे आणि छाती सुटली, आणि ते होणं गरजेचंच होतं. पण वाशांवरचा धूर थांबला. लाकूड उघडं पडलं. वीस-पंचवीस वर्षांत भुंगे आणि वाळवी आत गेली. निसर्गनंतर मोडलेले वासे बघितले तर कितीतरी वाशांचं पोट पिठासारखं झालेलं होतं. बाहेरून काजळी तशीच.

बंद घर

कुलूप लावून मुंबईला गेलेल्यांची घरं आधी पडली. वाऱ्याने नव्हे, त्याच्या फार पूर्वी. कुठल्यातरी पावसात एक कौल सरकतं. घरात माणूस असेल तर त्याच रात्री खाली पातेलं ठेवलं जातं आणि सकाळी कौल सारखं होतं. बंद घरात ती धार तिसऱ्या पावसापर्यंत रीप कुजवते, पाचव्यापर्यंत वासा. मग तेवढा कोपरा बसतो. वादळ आलं तेव्हा अशा घरांना धक्का पुरेसा होता.

आणि ते घर एकाचं नसतं. घरपट्टी आजोबांच्या नावाची, सातबाऱ्यावर आठ-दहा नावं, त्यातली दोन-तीन माणसं हयात नाहीत, एक बहीण नाशकात, एक पुतण्या परदेशात. मदतीचे पैसे कोणाच्या खात्यावर घालायचे? संमतीपत्रं हवीत. मुंबईहून यायचं तर तेव्हा पास लागे, आल्यावर विलगीकरण. भिंती तोवर उघड्या भिजत. चिऱ्याची भिंत पाऊस सोसते, मातीत बांधलेली आणि सारवलेली नाही सोसत. जुलैपर्यंत तिचा माथा विरघळून खाली आलेला असतो.

मग जे झालं ते असं. २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. गणपती कुठे बसवायचा हा प्रश्न कुठल्याही पंचनाम्यापेक्षा मोठा. एका भावाने ओटीवर पत्रा घातला आणि गणपती तिथे आणला. दुसऱ्याने मागच्या बाजूला स्वतःची एक स्लॅबची खोली काढायची ठरवली. तिसऱ्याने वाटणी मागितली. मधलं माजघर कोणाच्याच वाट्याला नीट येईना, ते तसंच राहिलं, त्यात रानमोडी उगवली. एका आढ्याखाली तीन चुलत घरं जोडलेली होती ती आढं मोडल्यावर सुटी झाली. माणसांत भांडण नव्हतं, पुष्कळ ठिकाणी आजही नाही. फक्त एकत्र दुरुस्त करायची गोष्ट उरली नाही.

आठ दिवस

वादळ ३ तारखेला, आणि आठवडाभराने मोसमी पाऊस कोकणात पोचला. जे काही झाकायचं ते या मधल्या आठ दिवसांत. ५ तारखेला वटपौर्णिमा होती. वड आडवे होते, त्यांना बायकांनी तसंच सूत गुंडाळलं आणि घरी येऊन पुन्हा ताडपत्रीचं टोक धरलं.

ताडपत्री टाकायचीही रीत असते आणि ती त्या आठ दिवसांत बऱ्याच जणांना चुकांतून शिकावी लागली. ती आढ्यावर संपवायची नाही, पलीकडच्या उतारावर दोन हात न्यायची, नाहीतर पाणी आढ्यातूनच खाली येतं. खिळे ठोकायचे नाहीत, प्रत्येक खिळा एक गळती. कडेला बांबू गुंडाळून तो दोरीने खाली वाशाला बांधायचा. सुटे दगड ठेवायचे नाहीत, दुसऱ्या वाऱ्यात ते डोक्यात पडतात. आणि हे सगळं करण्याआधी मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडायचा, वीज गेलेली असली तरी. ती केव्हा परत येईल आणि कुठल्या ओल्या भिंतीतून येईल हे सांगता येत नाही. आमच्या बाजूच्या गावांत ती कित्येक आठवडे आली नाही.

वीज नाही म्हणून आरागिरणी नाही. दारात चाळीस वर्षांचा फणस पडलेला, वासे करायला याहून चांगलं लाकूड नाही, पण तो चिरणार कोण? करवत दोघांनी ओढून फळ्या पाडणारी जोडी पूर्वी गावोगाव फिरे. ती माणसं गेली. फणस पावसात पडून राहिला आणि मग सरपण म्हणून गेला. वासे बाजारातून आले, लोखंडाचे.

रहाट

वीज नाही म्हणून पंपही नाही. विहीर भरलेली, वाडी खारं वारं लागून करपलेली, उरलेली झाडं गोड्या पाण्याने धुवायची तर पाणी वर कसं काढायचं? रहाट केव्हाच मोडून सरपण झाले होते. त्यांचे लोटे माळ्यावर होते, तेही आता फुटले. काही विहिरींना साधी कप्पीही राहिली नव्हती. लोकांनी आडवी फळी टाकून दोरीने कळशा ओढल्या. साठीपुढच्या बायकांना हात कसा चालवायचा ते आठवत होतं, सुनांना नव्हतं. त्यांनी एका दिवसात शिकून घेतलं.

माळ्यावरचं

पंचनाम्यात घरातल्या वस्तूंना जागा असते: कपडे, भांडी. माळा त्यात येत नाही, कारण तिथलं काही वापरात नसतं. कौलं गेली तेव्हा सगळ्यात आधी माळा भिजला.

बांबूची कणगी, शेणाने लिंपलेली, दोन पिढ्या भात न पाहिलेली. इरली, पानं झडून नुसता सांगाडा राहिलेला. लग्नातले पाट, पाठीवर तेलरंगात नाव आणि साल. गणपतीचं लाकडी मखर. वेताच्या टोपल्या. पाळण्याच्या चार दोऱ्या, एकात एक गुंडाळलेल्या. सुपारी वाळवायची तट्टं.

आणि पत्र्याच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद. वाडीच्या पाण्याच्या पाळ्या, गहाणखतं, कोणाचं कोणाला दिलेलं वचन. ते वाचता येणारं घरात कोणी नाही, म्हणूनच ते वर. ट्रंकेला तळाशी गंजून भोक होतं, पाणी खालून शिरलं. काही ठिकाणी शाई पाण्यात उतरून कागदाला निळसर काळी झाक आली, काही ठिकाणी अक्षर टिकलं पण पानं चिकटून एकच गठ्ठा झाला. अशा वेळी तो गठ्ठा उन्हात टाकू नये आणि ओढून पानं सोडवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, पानांच्या मधे कोरा कागद सरकवत हळूहळू सुकवावा. त्या जूनमध्ये ऊन नव्हतं, कोरडा कागद नव्हता आणि कोणाला वेळ नव्हता. अशा किती ट्रंका समुद्राकडेच्या उकिरड्यावर गेल्या ते कळायला मार्ग नाही. गावाचा निम्मा इतिहास घराच्या सगळ्यात असुरक्षित जागी, छपराच्या लगेच खाली ठेवलेला होता.

झोपाळ्याच्या कड्या

तुळईत आरपार घातलेल्या. लोखंडी पाइपला झोपाळा लावत नाहीत.

काचेचं कौल

एका उतारात एकच. माजघरात दिवसा दिवा लागत नसे तो त्याच्यामुळे. फुटलं की शेजारच्या दुकानात मिळायचं. आता पारदर्शक पत्र्याची पट्टी मिळते. उजेड बरा येतो, दोन उन्हाळ्यांत पट्टी पिवळी पडते.

वळचण

कौलांची शेवटची ओळ भिंतीच्या बाहेर दोन-अडीच हात यायची. तिच्याखाली सरपण, शिडी, कोयते, जाळी, आंघोळीला आलेला पाहुणा. कोन्यांच्या पोकळीत चिमण्या. पाऊस सुरू झाला की प्रत्येक कौलाच्या टोकाची वेगळी पागोळी, आणि जमिनीत त्यांच्या खळग्यांची सरळ ओळ. त्या ओळीच्या अलीकडे पोरांना बसायची मुभा, पलीकडे नाही. झड आत येऊ नये म्हणून पडवीला झापांचा आडोसा बांधत. माडाच्या झावळ्या पाण्यात भिजवून विणलेले झाप, बायका गप्पा मारत विणायच्या. आता हिरवं जाळीचं कापड विकत आणतात. ते वर्षभर तसंच राहतं, सोडायचीही गरज पडत नाही.

पत्र्याच्या कडेला पन्हळ असतो. पाणी एका कोपऱ्यातून पाइपने खाली येतं, टाकीत धरता येतं. हा फायदा खरा आहे आणि तो मोजायला हवा. मे महिन्यात टँकर लागणाऱ्या गावांना तर फारच.

बोलणं

पत्र्यावर पाऊस जोरात लागला की घरातलं बोलणं थांबतं. कौलाखाली पाऊस ऐकू येतो आणि माणूसही ऐकू येतं. आरती चालू असताना सर आली तर पत्र्याच्या घरात शेवटची कडवी ओठांवरूनच ओळखावी लागतात. म्हाताऱ्या माणसांनी पावसाळ्यात बोलणं कमी केलं आहे, असं मला तीन-चार घरांत जाणवलं. त्यांना काही सांगायचं असतं, पण ओरडायचं त्राण नसतं.

सावली

घर वाडीत असे. वर माड, त्यांच्याखाली पोफळी, पोफळीला मिरीचे आणि पानांचे वेल, मधे जायफळ, केळी. श्रीवर्धनची रोठा सुपारी याच दाटीत होते, तिला उघडं ऊन चालत नाही. दुपारी बारालाही घराच्या छपरावर कवडसे पडायचे, ऊन नव्हे. कौलं गार राहायची त्यात मातीच्या गुणाइतकाच या झाडांचा वाटा होता.

पोफळ उंच आणि बारीक. वाऱ्यात एक मोडली की शेजारच्या चार घेऊन पडली. नवीन लावली तर पीक यायला सात-आठ वर्षं, आणि तिला लहानपणी सावली धरायला मोठं झाड हवं, तेच पडलेलं. फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. इथे कोणाकडे हेक्टर नाही. वाड्या गुंठ्यांच्या. पन्नास हजार हेक्टरी म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. झाडाप्रमाणे मदत द्या असं बागायतदार म्हणत होते ते याच हिशेबामुळे.

सुपारी पाडणारा माणूस एका पोफळीवर चढायचा आणि शेंडा झुलवत दुसरीचा शेंडा धरायचा. अशा आठ-दहा पोफळी करून मगच खाली उतरायचा. झाडं विरळ झाली तशी ही वाट तुटली. आता प्रत्येक झाडावर वेगळं चढायचं, वेगळं उतरायचं. मजुरी वाढली, माणसं कमी झाली. पोफळीच्या चिरलेल्या रिपा छपराला लागायच्या, तिच्या खांबांचा मांडव अंगणात उभा राहायचा, तिच्या विरीत जेवणं व्हायची. एक झाड पडलं की घरातल्या सात-आठ जागा रिकाम्या झाल्या.

सावली गेली आणि कौल गेलं, दोन्ही एकाच उन्हाळ्याच्या शेवटी. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या पट्ट्यातल्या पत्र्याच्या घरांत दुपारी बसवत नव्हतं. लोक पंखा लावून दारात बसले होते. ज्यांना शक्य होतं त्यांनी पत्र्याच्या आतून फोमचं आच्छादन लावून घेतलं. पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग वरून मारला तर बराच फरक पडतो, खर्चही कमी. पण सगळ्यात स्वस्त उपाय पश्चिमेला दोन माड लावणं हाच आहे, आणि तो बऱ्याच जणांनी त्याच वर्षीच्या पावसात केलाही.

रास

परसात, गोठ्यामागे, विहिरीच्या कठड्याला लागून उतरवलेली कौलं रचून ठेवलेली दिसतात. जुन्या घरांचं सामान घेणारे येतात, शेतघरांना आणि समुद्रकाठच्या नव्या हॉटेलांना शोभेसाठी घेऊन जातात. भाव नगावर. मी ज्या ज्या घरी गेले तिथे एकच सांगत आले, की निदान पडवीपुरती ठेवा.

ती आडवी एकावर एक रचू नयेत, खालची दबून तडकतात. कडेवर उभी, एकमेकांना टेकून, जमिनीत ओल नसेल अशा जागी, खाली दोन फळ्या टाकून ठेवावीत. ठेवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघावं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर आहे, ते वेगळं काढावं, वाफ्याच्या कडेला लागेल. नाक शाबूत आहे का बघावं, नाक गेलं तर ते रिपेवर धरत नाही. पडवीचा उतार कमी ठेवू नये, पाणी मागे सरतं. कडेच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची ओळ तांब्याच्या नाहीतर जस्त चढवलेल्या तारेने रिपेला बांधावी. बऱ्याच कौलांना त्यासाठी बारीक भोक कारखान्यातच ठेवलेलं असतं, आपल्याकडे ते कोणी वापरलं नाही. वानरांसाठी वर जाळी ताणता येते, एवढ्या लहान छपराला ती परवडते.

पंचवीस फूट लांब आणि दहा फूट रुंद पडवीला पावणेचारशे ते चारशे कौलं लागतात. बहुतेक राशींत तेवढी निघतात.